रेसची वही: हौस आणि व्यसन यांच्या मधली रेघ नेमकी कुठे?

पर्वतीपायथा (रविवार, रात्री १०:४०)

मंडळी, विषय घरगुती आहे. इथे मला कुणी ओळखत नाही म्हणून लिहितोय.

वय ४८. सिंहगड रोडला राहतो, एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघतो. दारू नाही, सिगारेट नाही, तंबाखू नाही. एकच नाद, रेस. शाळेत असताना एम्प्रेस गार्डनला सहल जायची, पण शेजारीच हे असलं काही चालतं हे कॉलेजात मामाने पहिल्यांदा रेसकोर्सवर नेलं तेव्हा कळलं. पावसाळी हवा, ओलं गवत, आणि घोडे शेवटचं वळण घेऊन समोर आले की स्टँडमधून उठणारा तो आवाज. मामा गेला, नाद राहिला.

नेम असा: पुण्याचा सीझन पावसाळ्यात सुरू होतो तो साधारण दिवाळीच्या आसपासपर्यंत. तेवढे महिने आठवड्यातून एक दिवस जायचं. खिशात दोन हजार. ते संपले की चहा घेऊन उरलेल्या रेसेस नुसत्या बघायच्या. २००३ पासून एक वही ठेवली आहे. तारीख, घोडा, लावले किती, आले किती. एकूण तोटाच आहे, ते कबूल. पण वीसेक वर्षांच्या करमणुकीचा खर्च म्हणून बघितलं तर फार नाही. आमच्या सोसायटीत याहून जास्त खर्च लोक दरवर्षी ट्रेकिंगच्या बुटांवर करतात आणि सिंहगडावर जाऊन पिठलं-भाकरी खाऊन येतात.

गेल्या रविवारी सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. मी मधूनमधून फोनवर निकाल बघत होतो, हे खरं. घरी आल्यावर बायको म्हणाली, "तुमची आता हौस राहिली नाही. व्यसन झालंय." भांडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, म्हणून डोक्यात बसलंय.

तर प्रश्न असा, की ठरलेल्या रकमेत, लिहून ठेवून खेळणाऱ्याला व्यसनी म्हणायचं का? उपदेश नको, अनुभव असतील तर सांगा.

रिकामटेकडी (रविवार, रात्री १०:५२)

बायको शांतपणे म्हणाली म्हणजे निकाल लागला. फोटो फिनिश मागू नका.

भांबुर्डेकर (रविवार, रात्री ११:३०)

रिकामटेकडीताई, माणूस मनापासून विचारतोय.

पर्वतीराव, मी १९७८ साली भवानी पेठेत भुसार मालाच्या दुकानात कारकून होतो. तो मटक्याचा, म्हणजे आकड्यांवरच्या जुगाराचा जमाना. नव्या पोरांना 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द कुठून आले ते माहीत नसेल. सुरुवातीला आकडा लागायचा तो न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून मुंबईला येणाऱ्या उघडत्या आणि बंद भावावर. ते भाव येणं थांबलं तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढायला लागले. १९६२ साली कल्याणजी भगत यांनी मटका सुरू केला, दोन वर्षांनी रतन खत्रींचा आला. कापूस गेला, मडकंही पुढे गेलं, शब्द तेवढे राहिले.

तर आमच्या दुकानात दोघे खेळायचे. एक हमाल, रोज एक रुपया, रोज सिंगल, रोज एकच आकडा. मुलाच्या जन्मतारखेचा. पानटपरीवर चिठ्ठी द्यायची आणि विसरून जायचं. सिंगलला तेव्हा एकाला नऊ मिळायचे. आकडे दहा, मिळणार नऊ पट, म्हणजे सरासरीने रुपयामागे दहा पैसे घरचे जाणार. महिन्याचे तीन रुपये. त्याहून जास्त तो चुन्यावर घालवायचा.

दुसरे मुनीमजी. आठवड्यातून दोनदा किंवा तीनदाच खेळायचे, पण त्यांच्याकडे चार्ट होता. मागच्या पाच वर्षांचे आकडे लाल-निळ्या पेन्सिलीने मांडलेले. "सत्ता अकरा दिवस आलेला नाही, आज येणारच." सत्त्याला कुठे ठाऊक होतं आपण अकरा दिवस आलो नाही म्हणून! सत्ता आला नाही की दुसऱ्या दिवशी दुप्पट. तोही गेला की चौपट. दोन वर्षांत बायकोचे दागिने गेले, मग गल्ल्याला हात लागला. शेटजींनी पोलिसांत दिलं नाही, नुसतं काढून टाकलं.

रोज खेळणारा टिकला, दोन दिवसांआड खेळणारा बुडाला. तेव्हापासून कोण किती वेळा खेळतो हे मी विचारत नाही. हरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काय करतो, ते विचारतो.

कॉल_पुट (सोमवार, सकाळी ८:१५)

इंटरेस्टिंग धागा. पण कृपया शेअर बाजार यात ओढू नका. दर वेळी कुणीतरी ओढतंच.

तिखटमीठ (सोमवार, सकाळी ८:२१)

अजून कुणी नावही काढलं नव्हतं.

मनाचा_दवाखाना (सोमवार, दुपारी २:०५)

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. धाग्यावर निदान करायचं नसतं, त्यामुळे पर्वतीपायथा यांना आहे की नाही हे मी सांगणार नाही. पण भांबुर्डेकर काकांनी अनुभवाने जे ओळखलं, त्याच्या फार जवळ आमचं शास्त्र बऱ्याच उशिरा पोचलं.

१९८० साली अमेरिकन मनोविकार संघटनेने जुगाराचा विकार आपल्या नियमावलीत पहिल्यांदा घेतला. पण ठेवला कुठे, तर चोरीची अनावर ओढ आणि आगी लावण्याची ओढ यांच्या शेजारी. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत तो तिथून उचलून दारू आणि अफूच्या प्रकरणात नेला. पदार्थ पोटात जात नसताना व्यसन म्हणून तिथे जागा मिळालेला तो पहिलाच. कारण रुग्ण सांगत होते ते दारुड्यांच्या गोष्टीशी जुळत होतं. पूर्वी पन्नास रुपयांत जी धडधड व्हायची ती आता पाच हजारांशिवाय होत नाही. बंद करायला गेलं की चिडचिड, झोप नाही. थांबवायचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसतात. बाकी काही करत असतानाही डोक्यात तेच घोळतं. मन खचलं की हात तिकडेच जातो. हरलेलं वसूल करायला दुसऱ्या दिवशी परत जाणं. कितीत आहोत हे लपवणं. नोकरी, संसार, शिक्षण पणाला लागणं. आणि शेवटी पैशाच्या अडचणीतून सोडवायला दुसऱ्याकडे हात पसरणं. अशी नऊ लक्षणं आहेत. बारा महिन्यांत चार दिसली तर आम्ही विकार म्हणतो, आठ-नऊ असतील तर गंभीर. माणूस उन्मादाच्या आजारात असताना उधळपट्टी करत असेल तर ते वेगळं, त्याची उपचाराची वाटही वेगळी.

आता ही नऊ पुन्हा वाचा. अमुक हजारांच्या वर गेला तर व्यसनी, किंवा आठवड्यातून अमुक वेळा खेळला तर व्यसनी, असं एकातही म्हटलेलं नाही. म्हणून "माझी रक्कम ठरलेली आहे" हे उत्तर चांगलं असलं तरी पुरेसं नाही.

प्राथमिक चाचणीसाठी दोनच प्रश्न वापरतात. लावायची रक्कम वाढवत न्यावी असं कधी वाटलं का? आणि किती खेळता याबद्दल जवळच्या माणसांशी कधी खोटं बोलावं लागलं का? एकालाही 'हो' आलं तर नीट तपासून घ्यायचं. माझ्या ओपीडीत पहिल्या प्रश्नाला लोक विचार करून उत्तर देतात. दुसऱ्याला आधी बायकोकडे बघतात.

घोडा मानेने हरतो ना, त्याबद्दलही थोडं. थोडक्यात हुकलेला डाव मेंदूची बक्षिसाची यंत्रणा हार म्हणून नीट नोंदवत नाही. स्कॅनमध्ये दिसलंय की जिंकल्यावर जे भाग उजळतात त्यातले काही तेव्हाही उजळतात. बरं वाटत नाही, पण पुन्हा खेळावंसं वाटतं. मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगातल्या कबुतरांचंही तसंच. प्रत्येक टोचीला दाणा मिळणारं कबुतर दाणे बंद झाले की लवकर कंटाळतं. कधी मिळेल याचा भरवसा नसलेलं कितीतरी वेळ टोचत बसतं.

कॉल_पुट (सोमवार, दुपारी ३:४०)

डॉक्टर, माहिती छान. पण एक भेद करायला हवा. जुगार म्हणजे नशीब. ऑप्शनमध्ये, म्हणजे शेअरचा भाव पुढे वर जाणार की खाली यावरच्या सौद्यांत, अभ्यास असतो. मी रोज सकाळी दोन तास डेटा बघतो.

तिखटमीठ (सोमवार, दुपारी ४:०२)

मुनीमजींकडेही डेटा होता. लाल-निळ्या पेन्सिलीने.

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास जाहीर केला होता. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात, आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. या ९३ टक्क्यांतले किती जण रोज सकाळी डेटा बघत असतील?

मनाचा_दवाखाना (सोमवार, संध्याकाळी ६:३०)

कौशल्य आहे की नशीब, हा कोर्टाचा प्रश्न आहे. मनाच्या दृष्टीने उलट घडतं. आपल्याला कळतंय असा भरवसा जितका मोठा, तितकं सोडणं अवघड. लॉटरी हरलेला स्वतःला कमनशिबी म्हणतो. रेस किंवा ऑप्शन हरलेला "थोडं चुकलं" म्हणतो आणि ते दुरुस्त करायला परत जातो.

काळा_कोट (सोमवार, रात्री ९:१०)

कोर्टाचं नाव निघालं म्हणून. रेसमध्ये कौशल्याचा भाग मोठा आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली तमिळनाडूच्या प्रकरणात म्हटलं. रमीबद्दल साधारण तसंच १९६८ साली. आपल्याकडचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा, त्यातही निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. या सवलतीच्या आधारावरच रमीची आणि फँटसी क्रिकेटची ॲप्स इतकी वर्षं उभी होती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, सगळेच बंद केले. शिक्षा चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. हे शेवटचं मुद्दाम लिहितोय. "पोलिसांत अडकेन" या भीतीने लोक डॉक्टरकडे जात नाहीत.

आणखी एक, कारण माझ्याकडे येणारे बहुतेक याच भीतीत असतात. करार कायदा १८७२, कलम ३०: पैजेचा करार रद्दबातल असतो. बुकीची उधारी तो कोर्टातून वसूल करू शकत नाही. धमक्या देत असेल तर तो वेगळा गुन्हा. पण जुगारासाठी बँकेकडून घेतलेलं कर्ज हे कर्जच. तिथे कलम ३० तुमच्या मदतीला येणार नाही.

दुसरा_चहा (सोमवार, रात्री ११:४८)

बरेच दिवस वाचनमात्र होते. आज लिहिते.

माझा नवरा हिंजवडीत नोकरीला. लॉकडाउनमध्ये रमीचं ॲप घेतलं. गणपतीत मंडळाच्या मांडवात रात्रभर पत्ते खेळणारं घराणं आमचं, त्यामुळे मला काहीच वाटलं नाही. सासूबाई स्वतः बदाम सातमध्ये पाच-पाच रुपये लावतात आणि हरल्या की पत्ते फेकतात. हौस म्हणजे काय ते मी बघितलेलं आहे. रात्री तीन वाजता पोहे होतात, कुणीतरी चिडतं, सकाळी आरतीला सगळे हजर.

याचं वेगळं काय होतं ते मला हरण्यावरून कळलं नाही. एकदा तो ८० हजार जिंकला. मला दोन वर्षांनी बँकेच्या स्टेटमेंटमध्ये दिसलं. मी तारीख बघितली आणि तो दिवस आठवला, कारण मुलीचा वाढदिवस होता. ८० हजार जिंकलेला माणूस त्या दिवशी केक आणायला विसरला होता. घरी आला, जेवला नाही, बाथरूममध्ये फोन घेऊन बसला. त्याच रात्री ते सगळे पैसे परत गेले. ते त्याच्या लेखी पैसे नव्हतेच, पुढच्या डावाचं भांडवल होतं. मांडवातला माणूस दोनशे जिंकला तर सगळ्यांना भेळ देतो.

पुढचं थोडक्यात. सासूबाईंच्या पाटल्या गहाण, मग कर्जाची ॲप्स, मग वसुलीवाल्याचा फोन थेट मी शिकवते त्या शाळेत. माझ्या भावाने सहा लाख भरले. नवरा रडला, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. ती शपथ खोटी नव्हती असं मला आजही वाटतं. चार महिन्यांनी पुन्हा तेच.

तेव्हा समुपदेशक बाई म्हणाल्या, "तुम्ही कर्ज फेडलं नाही, त्याला नवीन पाट मांडून दिलात." राग आला होता. आता पटतं. पुढे पगाराचं खातं माझ्याकडे, त्याला रोजचे दोनशे रोख, हप्ते त्याच्याच पगारातून, त्याच्याच समोर बसून. आणि क्रेडिट अहवाल. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. अशा कंपन्या चार आहेत, म्हणजे तीन-तीन महिन्यांनी एक मागवता येतो. नवीन कर्ज घेतलं की तिथे दिसतं. नवऱ्याचा चेहरा वाचण्यापेक्षा अहवाल वाचलेला बरा.

पर्वतीपायथा भाऊ, तुमच्या वहीचं कौतुक आहे. पण ती वही वहिनींनी कधी बघितली आहे का?

रिकामटेकडी (मंगळवार, सकाळी ७:३०)

दुसरा_चहा ताई, माझा पहिला प्रतिसाद मागे घेते. गंमत करायचा विषय नव्हता.

कॅमेरा_रोल (मंगळवार, सकाळी १०:१५)

एक वेगळाच किस्सा, कुणाच्या उपयोगी पडला तर. माझे काका, निवृत्त शिक्षक, सहकारनगर. आयुष्यात कधी पत्त्याला हात लावला नाही. सत्तरीत अचानक लॉटरीचं वेड. सकाळी फिरायला जातो सांगून चाळीस-पन्नास तिकिटं. कपाटात बंडलं सापडली. घरात सगळ्यांनी संस्कार, संगत, म्हातारचळ असं सगळं काढलं. निघालं औषध. त्यांना पार्किन्सन आहे आणि प्रामिपेक्सोल चालू होतं. न्यूरॉलॉजिस्टनी ऐकताक्षणी विचारलं, "गोळीचा डोस कधी वाढवला होता?" हळूहळू कमी करून बदलली, दोन महिन्यांत लॉटरी बंद. आता त्या तिकिटांचा विषय काढला की काका स्वतःच चक्रावतात.

मनाचा_दवाखाना (मंगळवार, दुपारी १:२०)

बरोबर. डोपामाइनसारखं काम करणाऱ्या या औषधांचा हा माहीत असलेला परिणाम आहे. जुगार, बेसुमार खरेदी, कधी खाणं. पण गोळी मनाने एकदम बंद करू नका, त्याचा वेगळा त्रास होतो. आधी डॉक्टरांना सांगा.

अक्षरओळख (मंगळवार, रात्री ८:४५)

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात ३४वं सूक्त आहे, जुगाऱ्याचं. सासू तिरस्कार करते, बायको दूर झाली आहे, आई-बाप-भाऊ म्हणतात याला आम्ही ओळखत नाही, बांधून घेऊन जा. त्यात एक जागा अशी आहे की वाचताना अंगावर काटा येतो. तो ठरवतो की आता यांच्याबरोबर खेळायचं नाही, मागे राहायचं. आणि फाशांचा आवाज ऐकू येतो. लगेच निघतो, संकेतस्थळी निघालेल्या स्त्रीसारखा. शेवटी सवितादेव सांगतो, फासे खेळू नकोस, शेतीच कर. डॉक्टरांची "थांबवायचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसतात" ही ओळ वाचून ते आठवलं. लोक या विषयावर नेहमी धर्मराजाचं नाव घेतात. मला हा बिननावाचा माणूस जास्त खरा वाटतो.

आजचा_दिवस (मंगळवार, रात्री ११:१०)

माझं हडपसरला गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान होतं. 'होतं' वरून ओळखा.

सुरुवात आयपीएलपासून. मित्राने व्हॉट्सॲपवरून सट्ट्याच्या साइटची आयडी काढून दिली. पहिल्या दिवशी पाचशे टाकले, साडेसातशे दिसायला लागले. क्रिकेट मला कळतं. क्लबकडून खेळलोय, नेहरू स्टेडियमवर सीझन बॉलने. खाई-लगाई, सेशन, ही सट्ट्याची सगळी भाषा आठ दिवसांत शिकलो. पहिले दोन महिने मजा होती, हे खोटं कशाला सांगू. मॅच बघताना प्रत्येक बॉलला पोटात गोळा. ती माझी हौस होती असं मी आजही म्हणतो.

मग आयपीएल संपली. आणि मी रात्री दोन वाजता वेस्ट इंडिजमधल्या कुठल्यातरी लीगवर लावायला लागलो. ती संपल्यावर टेनिस. मला टेनिसचे पॉइंट कसे मोजतात ते माहीत नव्हतं. खेळाडूंची नावं उच्चारता येत नव्हती. फक्त आकडे हिरवे होतात की लाल, ते बघायचो. एका रात्री लाइट गेली, वायफाय बंद पडलं, नेटपॅक संपलेला. मी टू-व्हीलर काढून रिचार्जचं दुकान उघडं सापडतं का बघत मगरपट्ट्यापर्यंत गेलो. पावसात. दोन बायकांच्या टेनिसवर पाच हजार लागले होते म्हणून.

रेघ विचारताय ना? क्रिकेट संपलं तरी लावणं संपलं नाही, त्या आठवड्यात मी ती ओलांडली. मला कळली दीड वर्षाने.

सुटलो ते एका झटक्यात नाही. आधी टेली-मानसला, सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन केला, १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलतात. त्या रात्री मी खडकवासल्याच्या बाजूला गाडी लावून बसलो होतो. पुढचं लिहीत नाही. नंतर ससूनचा मानसोपचार विभाग, समुपदेशन, घरच्यांसकट. डॉक्टरांनी नाल्ट्रेक्सोन दिलं काही महिने. जुगारासाठी खास असं औषध नाही हेही त्यांनीच सांगितलं, पण मला ओढ कमी झाल्यासारखी वाटली. आज तीन वर्षं दोन महिने. कायदा झाला, ॲप्स गेली, तरी आयडी देणारे टेलिग्रामवर अजून रोज नवीन नंबरावरून "भाई, वेलकम बोनस" पाठवतात.

पर्वतीभाऊ, एकच विचारतो. पुण्याचा सीझन दिवाळीच्या आसपास संपतो. मग पुढचे आठ महिने काय करता?

पर्वतीपायथा (मंगळवार, रात्री ११:५५)

पुढच्या सीझनची वाट बघतो, दुसरं काय!

सगळ्यांचे आभार. खूप शिकायला मिळालं.

भांबुर्डेकर (बुधवार, सकाळी ६:१०)

पर्वतीराव, दुसरा_चहा यांच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.

कॉल_पुट (बुधवार, दुपारी १२:३०)

रात्री झोप लागली नाही म्हणून लिहितोय. मी स्टॉपलॉस लावतो, म्हणजे अमुक भावाला तोटा घेऊन बाहेर पडायचं अशी ऑर्डर. भाव तिथे आला की काढतो आणि खाली लावतो. मग पुन्हा खाली. एक्स्पायरीच्या, म्हणजे सौद्याची मुदत संपायच्या, दिवशी ऑफिसच्या जिन्यात उभा असतो. तिखटमीठ, आता काही बोलू नकोस प्लीज.

तिखटमीठ (बुधवार, दुपारी १२:३४)

नाही बोलत. मेसेज केलाय, बघ.

पर्वतीपायथा (शनिवार, दुपारी ४:२०)

आज शनिवार. घरी आहे.

खरं लिहितो. सीझन संपला तरी कोर्सवर बसून मुंबईच्या, बंगळुरूच्या, हैदराबादच्या रेसेसवर लावता येतं. स्क्रीनवर बघायचं. गवत नाही, वास नाही, घोडा समोरून जात नाही. कधी बुधवार, कधी शुक्रवार. ऑफिसात "बँकेत जाऊन येतो" सांगायचो. ते वहीत नाही. वही पुण्याच्या सीझनची, असा माझा मी नियम केला होता. जिंकलेलेही वहीत पूर्ण नाहीत. "घोड्याचे पैसे घोड्याला" म्हणून ते दोन हजारांत धरायचेच नाहीत. अकाउंट्समध्ये कुणी असा ताळेबंद माझ्याकडे आणला असता तर मी तोंडावर फेकला असता.

सासऱ्यांच्या कार्यक्रमात फोनवर निकाल बघत होतो म्हटलं. नुसता बघत नव्हतो. एकाला माझ्या वतीने लावायला सांगितलं होतं. आठ हजार.

काल रात्री बसून रेसकोर्सजवळच्या, कॅम्पातल्या एटीएमच्या सगळ्या नोंदी काढल्या. चौदा महिने. तीन लाख चाळीस हजार. मी दोनदा टोटल मारली.

मग वही आणि तो कागद घेऊन बायकोकडे गेलो. तिने कागद घेतला, चष्मा लावला आणि म्हणाली, "तीन बेचाळीस. दोन हजारांची एक नोंद सुटलीये, रंगपंचमीची." खातं जॉइंट आहे. पैसे काढले की मेसेज तिच्या फोनवर जातो. पंचवीस वर्षं अकाउंट्स करणारा माणूस हे विसरला होता. ती वर्षभर वाट बघत होती, मी कधी सांगतो याची. त्या रविवारी म्हणाली ते म्हणून तसं शांत होतं.

डॉक्टर, तुमच्या दोन्ही प्रश्नांना 'हो'.

आज सकाळपासून तीनदा फोनवर रेसकार्ड, म्हणजे आजच्या रेसेसची यादी, उघडलं, तीनदा बंद केलं. आता चार वाजून गेलेत. अजून रेसेस बाकी असतील. बायको समोर शेंगा सोलत बसली आहे, मीही सोलतोय. मधेच हा धागा.

मनाचा_दवाखाना (शनिवार, दुपारी ४:४१)

रेसकार्ड आणि ॲप फोनवरून काढून टाका, आत्ताच, वहिनींच्या समोर. एटीएम कार्ड काही दिवस त्यांच्याकडे द्या. तुमच्या वतीने लावणाऱ्या माणसाला आज एक मेसेज करा. आणि पुढच्या आठवड्यात कुणाला तरी प्रत्यक्ष भेटा. ससून आहे, किंवा येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेली संस्था, कुटुंबासकट काम करायची त्यांची जुनी पद्धत आहे. आधी फोन करून जा.

दुसरा_चहा (शनिवार, संध्याकाळी ५:०५)

वहिनींना माझा नंबर हवा असेल तर मेसेज करा. त्यांनाही कुणीतरी लागेल.

आजचा_दिवस (शनिवार, संध्याकाळी ५:१२)

शेवटची रेस सुटेपर्यंत धाग्यावरच थांबा, मी ऑनलाइन आहे. उद्याचा रविवार जास्त अवघड जाईल. सकाळी दहाला सारसबागेच्या गेटपाशी येता का? मी निळी स्प्लेंडर, मागे हडपसरच्या जुन्या दुकानाचा स्टिकर अजून आहे. पोरांना घेऊन येतोय, तुम्हीही वहिनींना आणा.

पर्वतीपायथा (शनिवार, संध्याकाळी ५:२०)

येतो. ती विचारतेय, डब्यात काय आणू?

आजचा_दिवस (शनिवार, संध्याकाळी ५:२१)

सोललेल्या शेंगांचं जे होईल ते.